उपाशी कोकराच्या रक्तात वाढीचे संप्रेरक जास्त का?

उन्हाळ्यात सिन्नर-येवल्याकडे मेंढपाळ आकडीने बाभळीच्या शेंगा पाडू लागला की अख्खे खांड धावत येते. नुसत्या वाळल्या काडीवर कोकरू अंग धरत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते का, हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

1921 मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पियुषिका ग्रंथीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या ग्रंथीचा, अर्क उंदरांना टोचला. उंदीर नेहमीपेक्षा मोठे झाले. मग सरळ समज असा झाला की संप्रेरक जास्त तर वाढ जास्त. पुढे यॅलो आणि बर्सन यांच्या पद्धतीने रक्तातले संप्रेरक मोजता येऊ लागले आणि 1960च्या दशकात हा समज डळमळला. प्रथिनांअभावी खंगलेल्या मुलांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक उलट जास्त निघाले. अर्धपोटी मेंढ्यांतही तेच दिसले.

उत्तराचा धागा 1957 मध्येच हाती आला होता. सॅमन आणि डॉहॅडे यांना दिसले की कूर्चेवर हे संप्रेरक थेट काम करत नाही; मध्ये रक्तातला आणखी एक घटक असतो. आज त्याला आयजीएफ-1 (इन्सुलिनसारखा वाढीचा घटक) म्हणतात, आणि रक्तातला बहुतेक आयजीएफ-1 यकृतातून येतो. प्रथिने कमी पडली की यकृत संप्रेरकाला दाद देत नाही. आयजीएफ-1 घसरतो, त्याचा पियुषिकेवरचा लगाम सुटतो आणि संप्रेरक वाढते. वाढ मात्र खुंटते. प्रथिने मिळू लागली की चित्र उलटते.

या शोधात मेंढीचा स्वतःचा वाटा फार मोठा आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. रॉजर गिलमन यांच्या गटाने कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांच्या मेंदूचे तुकडे गोळा केले. 1973 मध्ये त्यातूनच सोमॅटोस्टॅटिन सापडले, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारा रेणू. 1977च्या नोबेलमध्ये गिलमन यांच्यासोबत त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली आणि यॅलोही होते.

मेंढीत आणखी एक गुंता आहे. पिणाऱ्या कोकराचे दूध कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, टाळून थेट चौथ्या कप्प्यात जाते. चारा खाऊ लागल्यावर मात्र प्रथिनांचा मोठा भाग कोठीपोटातले जीवाणू आधी फोडतात. आतड्यात पोचतात ती बरीचशी जीवाणूंच्या अंगातली प्रथिने. म्हणून जीवाणूंना टाळण्यासाठी संशोधकांनी दुधातले केसिन हे प्रथिन नळीने थेट चौथ्या कप्प्यात सोडून पाहिले.

दूध तुटते तेव्हा कोकराची ही सोपी वाट बंद होते आणि कोठीपोट अजून पुरते तयार नसते. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोकरांपुढे वेगळी टाकलेली मूठभर शेंगदाणा पेंड नेमकी त्या दिवसांत कामी येते.