बीपीवाल्यांनी जोरात चालू नये म्हणे, डोक्याची नस फुटते!
जळगावात मेहरूण तलावावर सकाळी कोणीतरी हमखास सांगतंच, "भाऊ, बीपी आहे ना, जोरात नका चालू, डोक्याची नस फुटेल." असं काही नाहीये. चालताना वरचं बीपी वाढतं हे खरं, पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतः आकसून आत जाणारा दाब सांभाळतात, आणि रोज घाम येईल असं चाललं की वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड (वाहिन्या सैल करणारा वायू) जास्त सुटतं, त्या लवचिक राहतात, काही महिन्यांत बसल्या जागचं वरचं बीपी साधारण 5 ते 8 ने उतरतं. नस खराब करतं ते वर्षानुवर्षं कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी (आणि ताटात पापड-लोणचं चालूच). हां, 180/110 च्या वर असेल तर आधी डॉक्टर. श्वास रोखून कापसाचं गाठोडं उचलणं वेगळं, तिथे दाब एकदम उसळतो.