गोळी तीच, पण चिठ्ठी कोण लिहिणार?

मिनी स्ट्रोक म्हणजे टीआयए, मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि परत सुरू होतो. हात बधिर पडतो, तोंड वाकडं होतं, बोलायला जावं तर शब्दच फुटत नाही आणि दहा-वीस मिनिटांत सगळं परत जागेवर, मग माणूस म्हणतो बरं वाटतंय की आता, कशाला जायचं डॉक्टरकडे. घोळ इथेच होतो, कारण मोठा झटका यायचा धोका पुढच्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.

ऑक्सफर्डमध्ये आधी अशी पद्धत होती की जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर पेशंटला टीआयए क्लिनिककडे पाठवणार, क्लिनिक अपॉइंटमेंट देणार, तपासून काय औषध द्यायचं ते जीपीला कळवणार आणि चिठ्ठी जीपीच लिहिणार. यात पहिलं औषध लिहून मिळेपर्यंत साधारण २० दिवस जायचे! ऑक्टोबर २००४ पासून त्यांनी अपॉइंटमेंटची भानगडच काढली आणि औषध क्लिनिकमध्येच सुरू केलं. २० दिवसांचा झाला एक दिवस, आणि ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक यायचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ वर आलं. २००७ मध्ये छापून आलेला हा एक्सप्रेस अभ्यास. नवीन औषध शोधलं नव्हतं हो, नुसतं कोणी काय आणि कधी करायचं ते बदललं.

आता ब्रिटनमधल्या अशा क्लिनिकमध्ये बऱ्याचदा पेशंटशी आधी बोलते ती स्ट्रोक नर्स, आणि हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, कारण पेशंट येतो तोवर लक्षणं गेलेली असतात, स्कॅनही कधीकधी नॉर्मल येतो, म्हणजे हातात उरतं काय तर त्यानं आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत. मायग्रेन, फिट, साधी चक्कर, सगळं टीआयएसारखंच दिसू शकतं. बीपी, ईसीजी, रक्त होतं, टेक्निशियन मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतो, निदानाचा शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी कन्सल्टंटचा, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचा. मानेतली नस फारच अरुंद निघाली तर व्हॅस्क्युलर सर्जनला लगेच फोन. महिनाभर गाडी चालवायची नाही हेही तिथेच सांगतात (पेशंटचं तोंड तेव्हाच पडतं म्हणे).

आणि ब्रिटनमध्ये तसं ट्रेनिंग घेतलेली नर्स किंवा फार्मासिस्टसुद्धा औषध लिहून देऊ शकतात, त्यामुळे डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले तरी चिठ्ठी थांबत नाही. जीपीला पत्र अजूनही जातंच, पण तोवर पहिली गोळी पोटात गेलेली असते.