‘यथेच्छसि तथा कुरु’: एका जुन्या कोड्याची पार्श्वभूमी

पुढे काय होणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, तर माणसाने ठरवायचे ते काय? गीतेच्या अकराव्या अध्यायात हा प्रश्न टाळताच येत नाही. भीष्म, द्रोण, जयद्रथ, कर्ण समोर शस्त्रे घेऊन उभे आहेत आणि श्रीकृष्ण म्हणतात, ‘मया हतांस्त्वं जहि’. मी मारलेल्यांना तू मार. मेलेल्याला मारायचे कसे? आणि ते मेलेच असतील तर ‘युध्यस्व’ ही आज्ञा कशाला?

अठराव्या अध्यायात तर कोडे आणखी घट्ट होते. तू नको म्हणालास तरी स्वभावाने बांधलेला असल्यामुळे परवश होऊन तेच करशील, असे साठावा श्लोक सांगतो. एकसष्टाव्यात ईश्वर प्राणिमात्रांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो. आणि त्रेसष्टाव्यात? ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. मधे अवघा एक श्लोक! ही घाईत राहून गेलेली विसंगती आहे, असे मला कधीच वाटले नाही.

वेदान्तात हा वाद ब्रह्मसूत्रांपासून, म्हणजे त्या दर्शनाच्या मूळ सूत्रग्रंथापासून आहे. ‘कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्’ (2.3.33): जीव, म्हणजे देहातला आत्मा, कर्ता नसेल, तर ‘हे कर, ते करू नकोस’ असे सांगणाऱ्या शास्त्राला अर्थच उरत नाही. पुढे लगेच, हे कर्तेपण ईश्वराकडूनच येते, असेही सूत्रकार म्हणतात. शंकराचार्यांच्या भाष्यात इथे एक सुतार भेटतो. हातात वाकस असेपर्यंत तो कर्ता आणि दमलेला. घरी येऊन हत्यारे खाली ठेवली की स्वस्थ. आत्म्याचे कर्तेपणही तसेच, उपाधीपुरते, म्हणजे शरीर-बुद्धी या हत्यारांची जोड असेपर्यंतच. रामानुजांनी वाट वेगळी काढली: प्रयत्न जीवाचा, अनुमती ईश्वराची. मध्वाचार्यांनी जीवाचे कर्तृत्व खरे मानले, पण ते पूर्णपणे हरीच्या अधीन ठेवले.

मग कोणता श्लोक शब्दशः घ्यायचा? ग्रंथातले प्रत्येक वाक्य एकाच वजनाचे नसते, हे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे नियम घडवणाऱ्यांनी, फार पूर्वी ओळखले होते. विधी म्हणजे आज्ञा वेगळी, अर्थवाद म्हणजे तिची स्तुती किंवा समर्थन वेगळे. तात्पर्य काढताना उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट, आधी पाहावेत, असा त्यांचा दंडक.

हाच दंडक टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्या प्रकरणात हाती घेतला. 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. 1910-11 च्या हिवाळ्यात तिथल्या तुरुंगात त्यांनी हा ग्रंथ पेन्सिलीने लिहिला. तो छापून आला 1915 मध्ये. त्याचे दहावे प्रकरण कर्मविपाक (कर्माचे फळ) आणि आत्मस्वातंत्र्य यांवरच आहे. ज्याच्या कोठडीला बाहेरून कुलूप आहे, तो माणूस आत बसून आत्म्याचे स्वातंत्र्य सिद्ध करतो आहे, हे लक्षात ठेवून ते प्रकरण वाचावे. ‘उद्धरेदात्मनात्मानं’, आपणच आपला उद्धार करावा, हा सहाव्या अध्यायातला श्लोक त्यात फार जड होऊन येतो.

त्या दंडकाने अर्जुनाचेच शब्द पाहा. सुरुवातीला, दुसऱ्या अध्यायात: ‘न योत्स्ये’, मी लढणार नाही. शेवटी, यथेच्छसि ऐकल्यावर: ‘करिष्ये वचनं तव’, तू म्हणतोस ते मी करीन. दोन्ही वाक्यांतली क्रियापदे प्रथमपुरुषी आहेत.