डोळे उघडे, पण मूल झोपेतच: वाईट स्वप्न आणि नाइट टेरर

मुलांच्या भीतीवर आणि वाईट स्वप्नांवर बेतलेल्या कार्टून मालिका मी मुलीच्या शेजारी बसून पुष्कळ पाहिल्यात. त्यात एक प्रसंग हमखास येतो. मूल किंकाळी फोडून ताडकन उठून बसतं, घामाने निथळलेलं, डोळे विस्फारलेले. आईबाबा धावत येतात. आणि पुढच्याच क्षणी मूल अगदी सुसंगत सांगू लागतं, कपाटातून राक्षस आला, त्याला तीन डोळे होते, तो माझ्या मागे लागला. हा प्रसंग दोन वेगळ्या गोष्टींचे तुकडे जोडून केलेला असतो. किंकाळी नाइट टेररची, म्हणजे झोपेतच येणाऱ्या भीतीच्या झटक्याची, आणि राक्षसाची गोष्ट वाईट स्वप्नाची. खऱ्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी सहसा दिसत नाही. पडद्यावर चालून जाईलही, पण हाच घोळ घराघरांत आहे, आणि त्यापायी लोक मध्यरात्री मुलाला नेमकं नको ते करत बसतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

वाईट स्वप्न सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे थोडक्यात. ते बहुतेक पहाटेकडे, रात्रीच्या उत्तरार्धात पडतं. मूल त्यातून पूर्ण जागं होतं, तुम्हाला ओळखतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं आणि पुन्हा झोपायला घाबरतं. जवळ घेतलं की शांत होतं. हे ज्या झोपेत घडतं तिला रेम झोप म्हणतात. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात ती हीच झोप. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी ती जगापुढे मांडली. त्याआधी असेरिन्स्कीने स्वतःच्या लहान मुलाला, आर्मंडला, यंत्राच्या तारा जोडून रात्रभर झोपवलं होतं. म्हणजे या शोधाच्या मुळाशीही एक झोपलेलं मूलच आहे. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या मिशेल जूवेने मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की या झोपेत अंगातले स्नायू जवळपास पूर्ण सैल पडलेले असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नाइट टेरर. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना रात्री नऊला झोपली आणि सव्वादहाला अशी किंचाळली की माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. धावत गेले तर ती पलंगावर बसलेली, डोळे टक्क उघडे, केस कपाळाला चिकटलेले, छाती धडधडताना फ्रॉकवरून दिसत होती. मी तिला मांडीवर घेतलं. माझ्या मांडीवर बसून ती ‘आई, आई’ असा टाहो फोडत होती आणि मलाच दोन्ही हातांनी ढकलत होती. ‘अगं मी आईच आहे’ असं मी दहादा म्हटलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून आरपार मागच्या भिंतीवर जात होती. सात-आठ मिनिटांनी कुणी बटण बंद करावं तशी ती आडवी झाली आणि गाढ झोपली. सकाळी हसत उठली. तिला काहीच आठवत नव्हतं. मी मात्र रात्रभर जागी होते.

सगळा घोळ इथेच होतो. डोळे उघडे आहेत, मूल बोलतंय, रडतंय, म्हणजे ते जागं आहे, असं आपण धरून चालतो. ते जागं नसतं. वाईट स्वप्नात मूल जागं झाल्यावर घाबरलेलं असतं, तर नाइट टेररमध्ये ते झोपेतच असतं. आपण ज्याला समजावत असतो त्याच्यापर्यंत आपला आवाज पोचतच नाही.

नाइट टेरर येतो गाढ झोपेतून, झोप लागल्यापासून साधारण एक ते तीन तासांत. रात्रीच्या पहिल्या भागात मुलांची झोप फार खोल असते. त्या तळातून हलक्या झोपेकडे येताना कधीकधी मेंदू अर्धवट वर येतो. हालचाल, किंकाळी, धडधड, घाम यांचा भाग चालू होतो आणि भान, ओळख, स्मृती यांचा भाग झोपेतच राहतो. त्यामुळे तिथे सांगण्यासारखी गोष्ट नसते. मोठ्या मुलांना फार तर एखादं तुटक चित्र आठवतं. आणि आता ते सैल स्नायू आठवा. रेम झोपेत शरीराला हालचालीची मुभाच नसते. म्हणून मूल हातपाय झाडतंय, उठून दाराकडे धावतंय, तरी तुम्हाला ओळखत नाही, असं दिसलं तर ‘स्वप्न पडलं असेल’ हे पहिलं उत्तर मनातून काढून टाका. झोपेत चालणं आणि नाइट टेरर ही एकाच घरातली भावंडं आहेत.

नावांचा गोंधळ तज्ज्ञांनीही घातला, हे कबूल करायला हवं. झोपेचे संशोधक रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं आणि असे भीतीचे झटके हे स्वप्नांच्या झोपेतले प्रकार नसून अर्धवट जाग येण्याचे प्रकार आहेत. मुद्दा मोलाचा होता, पण त्या झटक्यांसाठी त्यांनी शब्द वापरला ‘नाइटमेअर’, म्हणजे वाईट स्वप्न. आज कुणी तो शब्द असा वापरला तर मी लगेच अडवते, कारण नाव चुकलं की उपायही चुकतो.

उपाय दोन्हीकडे जवळजवळ उलटे आहेत. वाईट स्वप्नानंतर दिवा लावा, कुशीत घ्या, ऐकून घ्या. नाइट टेररमध्ये दिवा लख्ख लावणं, खांदे धरून हलवणं, तोंडावर पाणी मारणं, घट्ट आवळून धरणं, यातलं काहीही करू नका. झटका लांबतो, आणि चुकून मध्येच जाग आलीच तर चार घाबरलेले चेहरे पाहून मूल खरोखर घाबरतं. शेजारी बसा. पलंगावरून पडणार नाही, कशावर आपटणार नाही एवढं पाहा. आवाज हळू ठेवा. पोटच्या पोराचा आक्रोश समोर चाललेला असताना हात आवरून बसणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. तरीही तेच करायचं.

सकाळी ‘काल रात्री काय पाहिलंस गं?’ म्हणून खोदून विचारणं मला अजिबात सहन होत नाही. मुलीला आठवत नव्हतं, तरी सगळे विचारताहेत म्हटल्यावर तिने तिसऱ्या दिवशी एक भूत रचून सांगितलं, आणि मग त्या रचलेल्या भुतालाच घाबरून झोपायला नको म्हणू लागली. ही चूक घरातल्या मोठ्यांची होती, त्यात मीही आले. नाइट टेरर झाला असेल तर सकाळी त्याचा विषयच काढू नका. वाईट स्वप्न असेल तर जरूर बोला. त्याचा शेवट बदलून मुलाला दिवसाउजेडी पुन्हा सांगायला लावा, चित्र काढू द्या. राक्षस दारात आला आणि मग काय झालं, हे मुलालाच ठरवू दे. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर याच धर्तीची रीतसर उपचारपद्धती आहे.

बाकीचे फरक, म्हणजे घाम किती, नाडी किती जलद, किती मिनिटं चाललं, यांत फार शिरू नका. दोन्हीकडे थोडंफार सारखं दिसतं. घड्याळ पाहा आणि मूल तुम्हाला ओळखतंय का ते पाहा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

‘ते कार्टून बघितलं म्हणून झालं’ हे वाक्यही अर्धवट आहे. भीतिदायक मालिका वाईट स्वप्नाला खाद्य पुरवू शकते, हे खरं. पण नाइट टेररमध्ये त्या राक्षसापेक्षा कार्टूनमुळे बुडालेली तासाभराची झोप जास्त दोषी असते. झोप अपुरी पडली की पुढची गाढ झोप आणखी खोल होते आणि तिच्यातून वर येताना मेंदू अडखळतो. ताप, भरलेलं मूत्राशय, नवी जागा, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हीही कारणं असतात. शिवाय हे रक्तातून येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या क्विबेकमधल्या अभ्यासात दीड वर्षाच्या सुमारे ३४ टक्के मुलांना असे झटके येत होते. त्याच अभ्यासात, आईवडील दोघेही लहानपणी झोपेत चालत असतील तर त्यांच्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलं झोपेत चालली. आईवडिलांपैकी कुणीच चालत नव्हतं तिथे हा आकडा सुमारे २२ टक्के होता. तेव्हा ‘पोराच्या मनात काहीतरी खोल भीती दडली आहे’ हा निष्कर्ष झटकन काढू नका. नाइट टेरर येणारी बहुतेक मुलं मनाने ठणठणीत असतात आणि वाढत्या वयाबरोबर तो आपोआप थांबतो.

आमच्याकडे निजायची वेळ पाऊण तास अलीकडे आणली आणि झटके विरळ झाले. तरीही रोज ठरलेल्या वेळी येत असतील तर आणखी एक उपाय आहे. झटक्याच्या नेहमीच्या वेळेआधी पंधरा ते तीस मिनिटं मुलाला हलकेच चाळवायचं, कूस बदलून पुटपुटलं तरी पुरे, आणि परत झोपू द्यायचं. दोन ते चार आठवडे रोज. मी सव्वादहाच्या झटक्यासाठी पावणेदहाला तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

एकाच रात्रीत अनेक झटके येत असतील, प्रत्येक वेळी हुबेहूब तीच हालचाल होत असेल, अंग ताठ होत असेल किंवा मूल दिवसाही पेंगत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. झोपेतली फीट कधीकधी अशीच दिसते. जाताना मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढून न्या, अंधुक असला तरी चालेल. किती वाजता झोपली, किती वाजता किंचाळली आणि तुम्हाला ओळखलं की नाही, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या.