लीच ॲम्पच्या मागची गोष्ट

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) इलेक्ट्रॉनिक पार्ट घ्यायला येणाऱ्या नवीन पोरांना लीच ॲम्प, म्हणजे स्पीकर वाजवायचा घरी बनवता येणारा ॲम्प्लिफायर, नुसता एक जुना सर्किट डायग्राम वाटतो, तयार बोर्ड स्वस्तात मिळत असताना हे कशाला असं विचारतात, म्हणून थोडं मागचं सांगतो.

डब्ल्यू. मार्शल लीच हे अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये प्रोफेसर होते, २०१० मध्ये गेले. गोष्ट मात्र सुरू होते फिनलंडच्या मॅटी ओटालापासून. तेव्हाचे ट्रान्झिस्टर ॲम्प मीटरवर एकदम साफ दिसायचे आणि कानाला कर्कश लागायचे. ओटालाने १९७० मध्ये पेपर लिहून कारण मांडलं, की ॲम्प आतून स्लो आणि वरून फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग चूक दुरुस्त करायला परत इनपुटला देणं) भरपूर, मग तबल्याच्या थापेसारखा झटका आला की फीडबॅक सावरायच्या आतच इनपुट स्टेज ओव्हरलोड होते. याला टिम (TIM, ट्रान्झियंट इंटरमॉड्युलेशन) डिस्टॉर्शन म्हणायचे. (पुढे बऱ्याच जणांनी म्हटलं की हा शेवटी स्लू रेटचाच, म्हणजे आउटपुट व्होल्टेज किती झटकन बदलू शकतं याचाच प्रश्न आहे, आणि मला तरी ते पटतं.)

लीच सरांनी फेब्रुवारी १९७६ च्या ‘ऑडिओ’ नावाच्या मासिकात यावर उपाय म्हणून घरी बनवता येईल असा ॲम्पच छापला. फीडबॅक कमी, वर-खाली दोन्हीकडे जोडीने डिफरेन्शियल इनपुट (दोन सिग्नलमधला फरक घेणारी ट्रान्झिस्टरची जोडी), त्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाला रेझिस्टर, म्हणजे स्पीड वाढला. पण खरी मजा त्यांच्या समजावण्यात, कुठला रेझिस्टर का टाकला ते सगळं लिहिलेलं, पार्ट लिस्ट आणि टेस्टिंगसकट, आणि पुढे ते नेटवर फुकट ठेवलं. पहिल्यांदा चालू करताना व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज हळूहळू वाढवा म्हणायचे. आता आपल्याकडे व्हेरिॲक कोणाकडे असतो बे, आपण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये लावतो, कुठे शॉर्ट असला तर बल्ब भगभगून पेटतो आणि आउटपुटचे महागडे ट्रान्झिस्टर वाचतात.

नागपूरवाल्यांनी बायसचे (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही थोडा करंट चालू ठेवायचं सेटिंग) डायोड नीट बघावेत, ते बोर्डवर नाही तर हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवलेले आहेत. ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढतो, मग अजून तापतो, असं करत करत जळतो, पण डायोडपण सोबत तापले की बायस आपोआप खाली येतो. मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत पंखा गरम हवा फेकत असतो तेव्हा याची किंमत कळते, आणि असेंबल करून विकलेल्या कित्येक ॲम्पमध्ये हाच डायोड आळसाने बोर्डवरच सोडलेला असतो.

एप्रिल १९८० मध्ये त्यांनी त्याच मासिकात डबल बॅरल नावाचा जास्त पॉवरचा ॲम्प दिला, त्यात आउटपुट ट्रान्झिस्टर सिरीजमध्ये लावून व्होल्टेज दोघांत वाटून घेतलंय. गणपती मंडळवाले याच्यावरच नजर ठेवून असतात, पण त्यांना सांगतो, आधी छोटा बनवा, त्याचा बायस स्वतःच्या हाताने सेट करा, मग मोठ्याचं बोला.