मीटर मालकाच्या नावावर, मग बिल कोण भरणार?

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक सल्ला फिरतोय: "लाइट बिल मालकाच्या नावावर येतं ना? मग घर सोडताना शेवटची दोन-तीन बिलं खुशाल ठेव. तुझं काय जातंय?"

जातं. आणि सगळ्यात आधी डिपॉझिटमधून जातं. भाडेकराराचा कागद एकदा उघडून बघा. वीजबिल भाडेकरूने भरायचं, हे कलम बहुतेक करारांत असतंच. मालक चावी घेताना बिल तपासतो आणि तेवढी रक्कम कापून उरलेले पैसे हातावर ठेवतो. डिपॉझिट पुरलं नाही, तर कराराच्या आधारे वसुलीचा दावाही लावता येतो.

राहत असतानाच बिलं थकवली तर गोष्ट आणखी लवकर अंगाशी येते. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज कंपनी पुरवठा तोडू शकते. नोटीस मालकाच्या नावाने येईल, अंधारात मात्र तुम्ही बसाल. वर विलंब आकार, व्याज आणि पुन्हा जोडणीचा खर्च.

उलट बाजूही सांगायला हवी. भाड्याच्या वादातून मालकाने स्वतःच वीज-पाणी तोडणं हा वेगळा मामला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 नुसार योग्य कारणाशिवाय त्याला तसं करता येत नाही.

घर सोडताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठवा.