विभेदी गोपनीयता

व्यक्तींविषयीच्या माहितीसंचयातून आकडे प्रसिद्ध करताना कोणाही एकाची नोंद त्यात असली काय किंवा नसली काय, उत्तरात फारसा फरक पडू नये, अशी गणिती हमी. इंग्रजी नाव ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’. उत्तरात मोजूनमापून यादृच्छिक त्रुटी मिसळून ती साधतात. त्रुटीचे प्रमाण एप्सिलॉन या संख्येवरून ठरते. एप्सिलॉन लहान, तर संरक्षण जास्त आणि अचूकता कमी.

केवळ नावे गाळणे पुरत नाही, हे १९९० च्या दशकात अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दाखवले. मॅसॅच्युसेट्सच्या तत्कालीन गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद त्यांनी मतदारयादीशी ताडून ओळखली. जन्मतारीख, लिंग व पाच अंकी टपालक्रमांक यांवरून ८७ टक्के अमेरिकन नागरिक एकमेव ठरतात, हा त्यांचा अंदाज. २००६ मधील फेरगणनेत तो सुमारे ६३ टक्के आला. नंतरचा आकडा धरला तरी धोका गंभीरच राहतो.

उगम : श्रेय सामान्यतः ड्वर्क, मॅकशेरी, निसीम व स्मिथ या संगणकशास्त्रज्ञांच्या २००६ च्या निबंधाला देतात. त्यात मात्र हे नाव नाही, ‘अविभेद्यता’ अशा अर्थाची संज्ञा आहे. आजचे नाव सिंथिया ड्वर्क यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात येते. ते मायकेल श्रोडर यांनी सुचवल्याचे सांगतात. संख्याशास्त्रज्ञ उगम स्टॅन्ली वॉर्नर यांच्या, पाहणीत नाजूक प्रश्न विचारण्याच्या १९६५ च्या पद्धतीपर्यंत मागे नेतात. तिच्या प्रचलित रूपात उत्तर देणारा गुपचूप नाणे उडवतो; छाप पडल्यास खरे सांगतो, काटा पडल्यास पुन्हा उडवून त्याप्रमाणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. एकट्याच्या ‘हो’वरून काहीच सिद्ध होत नाही, पण समूहातील खरे प्रमाण काढता येते. या रूपात एप्सिलॉन सुमारे १.१ भरतो. तरीही वॉर्नर यांच्याकडे तंत्र होते, अनेक प्रश्नांतून साचत जाणारी हानी मोजण्याचे माप नव्हते. म्हणून २००६ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ टोरे डालेनियस यांनी १९७७ मध्ये मांडलेली अपेक्षा याहून कडक होती : संचयामुळे व्यक्तीविषयी नवे काहीच कळू नये. ती सर्वसाधारणपणे अशक्य असल्याचे ड्वर्क यांनी सिद्ध केले. एका विहिरीचे पाणी दूषित असल्याचे पाहणीतून कळले, की पाहणीत नसलेल्या पण तेच पाणी पिणाऱ्या कुटुंबाविषयीही काही कळतेच.

उपयोग व अर्थसाहाय्य : अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेतील मतदारसंघ-आखणीच्या आकड्यांसाठी एकूण एप्सिलॉन १९.६१ ठेवला गेला. हा आकडा सैल असल्याची टीका झाली आणि लहान वस्त्यांचे आकडे बिघडतात अशीही. हार्व्हर्ड विद्यापीठातील या विषयाच्या संशोधनाला अमेरिकेचे सरकारी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान व खाजगी स्लोन प्रतिष्ठान यांनी पैसा दिला. ड्वर्क व मॅकशेरी मात्र २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत होते. पुढे गूगल (२०१४) व ॲपल (२०१६) यांनीही तंत्र वापरले. माहितीचे साठे बाळगणाऱ्यांच्याच पैशावर हे संशोधन अवलंबून राहू नये, म्हणून सार्वजनिक निधीचे मोल मोठे आहे.

भारतात जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेतील व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण अधिनियमात संशोधन व सांख्यिकीसाठी सशर्त सूट आहे. त्या विदेवरून संबंधित व्यक्तीबाबत निर्णय घेता येत नाही.